बॅकअपच्या ग्रुपमध्ये घातलेले नाव पुन्हा पुन्हा निघून जाते तेव्हा काय तपासावे

ठाण्यात वागळे इस्टेटला कार्यालय आणि नवी मुंबईत महापे एमआयडीसीत गोदाम व सर्व्हर, अशी मांडणी असलेल्या एका कंपनीच्या संगणक व्यवस्थेची देखभाल माझ्याकडे आहे. बॅकअपचे सॉफ्टवेअर महाप्याच्या विंडोज सर्व्हरवर चालते आणि त्याचा कन्सोल, म्हणजे ते दुरून पाहण्या-चालवण्याची खिडकी, ठाण्यात लेखा विभागातल्या एका मॅडमच्या संगणकावर बसवलेला आहे. रात्रीचा जॉब (आपोआप चालणारे बॅकअपचे काम) नीट झाला का हे सकाळी दहाला पाहणे, अडकला असेल तर पुन्हा चालू करणे आणि कोणी चुकून टॅलीचे फोल्डर उडवले तर ते परत आणणे, एवढेच त्यांचे काम आहे. त्यासाठी त्यांचे डोमेन खाते (डोमेन म्हणजे कंपनीचे सर्व संगणक आणि खाती एकत्र सांभाळणारी व्यवस्था) महाप्याच्या सर्व्हरवरील ‘बॅकअप ऑपरेटर्स’ आणि दुरून जोडणी करू देणाऱ्या ‘डिस्ट्रिब्युटेड कॉम युजर्स’ या दोन लोकल ग्रुपमध्ये, म्हणजे त्या एका सर्व्हरपुरत्या हक्कांच्या गटांमध्ये, घातले होते. घातले त्या संध्याकाळी सर्व सुरळीत चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, “सर, काल चालत होतं, आज ॲक्सेस डिनाइड म्हणतंय.” मी सर्व्हर उघडून पाहिले तर दोन्ही ग्रुपमधून नाव गेलेले होते. मी ते पुन्हा घातले आणि दीड दिवसात पुन्हा तोच फोन आला.

हा प्रकार जवळजवळ पाच आठवडे चालला. या काळात माझ्या अनुपस्थितीत एका सहकाऱ्याने वैतागून त्यांचे खाते थेट ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’मध्ये टाकले, आणि तेथूनही ते नाहीसे झाले. खरे तर त्याच वेळी लक्षात यायला हवे होते की, येथे परवानगी कमी पडत नाही. दिलेली परवानगी कोणीतरी काढून घेत आहे, आणि ‘परवानगी कोणती द्यावी’ या प्रश्नापेक्षा ‘ती कोण काढतो’ हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. हे लिहिण्याचे कारण एवढेच की, लहान कार्यालयांमध्ये ही तक्रार सर्रास आढळते आणि बहुतेक ठिकाणी तिचा शेवट लेखनिकाला ॲडमिनचा पासवर्ड देऊन टाकण्यात होतो, जो बॅकअपच्या बाबतीत सर्वांत धोकादायक शेवट आहे.

आधी त्रुटीचा कोड नीट वाचा

कन्सोल जोडला जात नाही, असे सांगणारे दोन निरनिराळे कोड आहेत आणि घाईत दोघांनाही ‘कनेक्ट होत नाही’ असेच म्हटले जाते. शेवटी ८००७०६बीए असलेला कोड म्हणजे आरपीसी (एका संगणकाने दुसऱ्याला काम सांगण्याची सेवा) सर्व्हर उपलब्ध नाही. तेथे ग्रुपचा काहीही संबंध नसतो; व्हीपीएन (दोन जागांना जोडणारा सुरक्षित मार्ग) तुटला आहे का, फायरवॉलमध्ये टीसीपी १३५ पोर्ट आणि त्यामागून लागणारे ४९१५२ ते ६५५३५ हे बदलते पोर्ट उघडे आहेत का, हे पाहावे. शेवटी ८००७०००५ असलेला कोड म्हणजे तुमची विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली, सर्व्हरने ती तपासली आणि नाकारली. पुढचे सर्व विवेचन या दुसऱ्या कोडविषयी आहे.

नाव काढणाऱ्याचा माग लॉगमध्ये असतो

सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये (सुरक्षेच्या घडामोडींच्या नोंदवहीत) लोकल ग्रुपमध्ये सदस्य घातल्याची नोंद ४७३२ या क्रमांकाने आणि सदस्य काढल्याची नोंद ४७३३ या क्रमांकाने होते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फिल्टरच्या चौकटीत हे दोन आकडे स्वल्पविरामाने लिहिले की हजारो नोंदींतून नेमक्या हव्या त्या समोर येतात. मी ते केले तेव्हा एकाआड एक रांग दिसली: माझ्या नावाने ४७३२, मग ४७३३, पुन्हा माझ्या नावाने ४७३२, पुन्हा ४७३३. प्रत्येक ४७३३ उघडून ‘सब्जेक्ट’ या भागात पाहिले, तर तेथे कोणा माणसाचे खाते नव्हते. सिक्युरिटी आयडीपुढे ‘सिस्टम’ आणि अकाउंट नेमपुढे सर्व्हरचेच नाव, शेवटी डॉलरचे चिन्ह असलेले. म्हणजे सर्व्हर स्वतःच स्वतःच्या ग्रुपमधून नाव काढत होता.

त्याहून बोलके होते ते वेळांचे अंतर. त्या आठवड्यातली पहिली नोंद मंगळवारी सकाळी ७:५२ ची, दुसरी त्या रात्री उलटून १२:४१ ची आणि तिसरी बुधवारी संध्याकाळी ५:२० ची होती. लागोपाठच्या कोणत्याही दोन नोंदींमध्ये सोळा तासांहून थोडे अधिक अंतर होते. हा आकडा ओळखीचा आहे. डोमेनमधील संगणक ग्रुप पॉलिसी (डोमेनकडून सर्व संगणकांवर लावले जाणारे नियम) साधारण दर ९० मिनिटांनी, त्यात ३० मिनिटांपर्यंतची अनियमित भर घालून, पुन्हा तपासतो. पण पॉलिसीत काही बदल झालेला नसेल तर सुरक्षेच्या सेटिंग्ज तो प्रत्येक वेळी नव्याने लावत बसत नाही. बदल असो वा नसो, त्या दर १६ तासांनी एकदा मात्र नक्की लावल्या जातात. सोळा तास उलटल्यानंतर येणाऱ्या पहिल्या तपासणीला हे घडत असल्यामुळे प्रत्यक्ष अंतर सोळा ते अठरा तासांच्या दरम्यान पडते, आणि म्हणूनच नाव कधी सकाळी, कधी मध्यरात्री, तर कधी संध्याकाळी जात होते. तक्रार करणाऱ्याला यात काही नियम दिसत नाही, आणि दिसणार तरी कसा.

संशय पक्का करण्यासाठी दोन मिनिटांची चाचणी पुरते. नाव हाताने ग्रुपमध्ये घाला, सर्व्हरवर ‘जीपीअपडेट’ ही आज्ञा ‘फोर्स’ या पर्यायासह चालवा आणि ग्रुप पुन्हा उघडा. ‘फोर्स’मुळे न बदललेल्या सेटिंग्जही पुन्हा लावल्या जातात, तेव्हा दोषी पॉलिसीच असेल तर नाव तुमच्या डोळ्यांसमोर जाते. आमच्याकडे तसेच झाले. ही चाचणी न करता थांबलात, तर प्रत्येक उपाय यशस्वी झाला की नाही हे कळायला सोळा तास लागतील, आणि तेवढ्यात तुम्ही आणखी तीन गोष्टी बदलून ठेवलेल्या असतील.

यानंतर प्रश्न उरतो तो कोणती पॉलिसी हा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर ‘जीपीरिझल्ट’ आज्ञेला ‘एच’ हा पर्याय आणि फाइलचे नाव दिले की एक अहवाल तयार होतो. त्यात संगणकाच्या भागात, सिक्युरिटी सेटिंग्जखाली, ‘रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स’ असे शीर्षक दिसते आणि प्रत्येक ओळीपुढे ‘विनिंग जीपीओ’ म्हणून प्रत्यक्ष लागू झालेल्या पॉलिसीचे नाव असते. आमच्या अहवालात तेथे पूर्वीच्या सल्लागाराने केलेली पॉलिसी निघाली. सर्व्हरवर कोणी परस्पर स्वतःला ॲडमिन करून घेऊ नये, हा तिचा हेतू होता आणि तो योग्यच होता. ती चालू आहे याची नोंद मात्र त्याने कोठेही ठेवली नव्हती, आणि माझ्याकडे काम आले तेव्हा मीही ती शोधली नाही.

रिस्ट्रिक्टेड ग्रुप्समधील दोन खाने

या सेटिंगमध्ये दोन खाने आहेत आणि त्यांचा अर्थ एकमेकांपासून फार दूरचा आहे. ‘मेंबर्स ऑफ धिस ग्रुप’ या वरच्या खान्यात जी नावे लिहाल, तेवढीच त्या ग्रुपमध्ये राहतील. यादीबाहेरचे प्रत्येक नाव पुढच्या वेळी काढले जाईल. खान्यात काहीच लिहिले नाही तर ग्रुप रिकामा केला जातो. ‘धिस ग्रुप इज अ मेंबर ऑफ’ हा खालचा खाना याच्या उलट, फक्त भर घालतो: अमुक डोमेन ग्रुप त्या लोकल ग्रुपमध्ये असलाच पाहिजे एवढेच तो पाहतो आणि बाकीच्या नावांना हात लावत नाही. आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. एकाच ग्रुपसाठी दोन पॉलिसींमध्ये वरचा खाना भरला असेल तर दोन्ही याद्या एकत्र होत नाहीत. ज्या पॉलिसीला प्राधान्य आहे तिची यादी लागू होते आणि दुसरीतील नावे बाहेर राहतात.

नाव सोळा तासांऐवजी दीड-दोन तासांतच जात असेल, तर रिस्ट्रिक्टेड ग्रुप्सऐवजी ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधील ‘लोकल युजर्स अँड ग्रुप्स’ ही जागा आधी पाहावी. तेथे ‘डिलीट ऑल मेंबर युजर्स’ या चौकटीवर खूण असते, आणि ‘एकदाच लावा’ असा पर्याय निवडलेला नसेल तर ती नोंद प्रत्येक तपासणीला पुन्हा लागू होते.

उपाय म्हणून मी पॉलिसी काढून टाकली नाही. डोमेनमध्ये बॅकअप पाहणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र ग्लोबल ग्रुप केला, त्याचे वर्णन लिहिण्याच्या जागी तो कोणत्या सर्व्हरसाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून केला हे मराठीतच लिहिले, आणि पॉलिसीच्या यादीत व्यक्तीच्या नावाऐवजी हा ग्रुप घातला. आता सर्व्हरवरील लोकल ग्रुपला कोणी हात लावायचा नाही, माणसे फक्त डोमेनमधील ग्रुपमध्ये यायची आणि जायची. पॉलिसी दर सोळा तासांनी आपले काम करते आणि तिच्या हातून कोणाचा हक्क जात नाही.

नाव ग्रुपमध्ये आहे, तरीही नकार

इतके करून मॅडमना फोन केला तर कन्सोल तरीही नाकारत होता. येथे बरेचजण घाबरून केलेला उपाय मागे घेतात, म्हणून हा भाग सविस्तर सांगतो. डोमेन ग्रुपची यादी वापरकर्त्याच्या केर्बेरॉस तिकिटात (डोमेनमध्ये ओळख पटवणाऱ्या तात्पुरत्या ओळखपत्रात) लिहिलेली असते आणि ते तिकीट लॉगइनच्या वेळी मिळते. मूळ सेटिंगनुसार त्याची मुदत १० तासांची असते. मॅडम संध्याकाळी लॉगऑफ करत नव्हत्या. स्क्रीन लॉक करून ठाणे स्टेशन गाठायचे आणि सकाळी पासवर्ड टाकून तेथूनच पुढे काम, अशी त्यांची रीत होती, जी लेखा विभागात सगळीकडे आहे. नवा ग्रुप त्यांच्या चालू तिकिटात नव्हता. पूर्ण लॉगऑफ करून पुन्हा आत आल्यावर कन्सोल उघडला.

हे पडताळण्यासाठी त्यांच्या संगणकावर ‘हूअ‍ॅमआय’ ही आज्ञा ‘ग्रुप्स’ या पर्यायासह चालवावी आणि यादीत नवा डोमेन ग्रुप आहे का ते पाहावे. मात्र या यादीत महाप्याच्या सर्व्हरवरील लोकल ग्रुप दिसणार नाहीत, आणि ते न दिसणे हा दोष नव्हे. ते त्या सर्व्हरवर, जोडणी होताना, सर्व्हर स्वतः जोडतो. ‘बॅकअप ऑपरेटर्स तर यादीत नाहीच’ असे म्हणून मी एकदा अर्धा तास चुकीच्या दिशेने शोधत राहिलो होतो.

घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत याच गोष्टीला आणखी एक पदर आहे. मुसळधार पावसाने लोकल बंद पडल्या की बदलापूर-कल्याणचे लोक लॅपटॉपवर घरूनच बसतात. ते आधी लॉगइन करतात आणि व्हीपीएन नंतर जोडतात. अशा वेळी लॉगइन लॅपटॉपमध्ये साठवलेल्या जुन्या माहितीवर होते, डोमेनकडे कोणी विचारतच नाही, आणि नवा ग्रुप कळत नाही. व्हीपीएन जोडलेला असताना ‘केलिस्ट’ आज्ञा ‘पर्ज’ या पर्यायासह चालवून जुनी तिकिटे काढून टाकावीत आणि मग कन्सोल उघडावा. नवे तिकीट नव्या ग्रुपसह येते.

याच ठिकाणी घड्याळही पाहून घ्यावे. डोमेन कंट्रोलर (डोमेनची खाती सांभाळणारा सर्व्हर) आणि दुसऱ्या संगणकाच्या वेळेत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला तर केर्बेरॉस नकार देते. वीज जाऊन आल्यावर, मदरबोर्डची बॅटरी संपलेल्या जुन्या संगणकावर, हे हमखास घडते.

लोकल खात्याची वेगळी गोष्ट

काही ठिकाणी बॅकअपचा सर्व्हर मुद्दाम डोमेनबाहेर ठेवलेला असतो, आणि रॅन्समवेअरचा (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या हल्ल्याचा) विचार करता तो निर्णय मला पटतो, कारण डोमेनचा ॲडमिन हल्लेखोराच्या हाती गेला तरी बॅकअप त्याच्या हाती आपोआप जात नाही. तेथे पॉलिसी नाव काढत नाही, पण दुसरीच अडचण उभी राहते. लोकल खाते ॲडमिनिस्ट्रेटर्समध्ये असूनही दुरून जोडणी केली की ते सामान्य खात्यासारखे वागते. विंडोजमधील यूएसी ही ॲडमिन हक्कांवर लगाम ठेवणारी सोय अशा दूरच्या जोडणीत लोकल खात्याचे ॲडमिन हक्क गाळून टाकते. मूळचे, विंडोजसोबतच येणारे ॲडमिनिस्ट्रेटर खाते सामान्यतः याला अपवाद असते, आणि डोमेन खात्यांना हा नियम लागत नाही.

यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) ‘लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी’ हे मूल्य १ करण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. तो चालतो. पण त्याने त्या यंत्रावरील प्रत्येक लोकल ॲडमिन खात्याचा दूरून पूर्ण वापर मोकळा होतो, आणि अनेक संगणकांवर एकच पासवर्ड असलेल्या कार्यालयात याचा अर्थ एका संगणकावरून सगळ्यांवर चालत जाण्याची वाट करून देणे असा होतो. सॉफ्टवेअरला ॲडमिन हक्क खरोखरच लागतात का, हे आधी त्याच्या मॅन्युअलमध्ये पाहावे. कन्सोलपुरते ‘डिस्ट्रिब्युटेड कॉम युजर्स’ आणि सॉफ्टवेअरची स्वतःची भूमिका पुरत असेल, तर रजिस्ट्रीला हात लावू नये.

स्वतःची भूमिका म्हणण्याचे कारण असे की, बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये विंडोजच्या ग्रुपपलीकडे आतमध्ये आणखी एक यादी असते: पाहणारा, जॉब चालवणारा, रिस्टोअर करणारा, सर्व बदलणारा. विंडोजने दार उघडले तरी आतली यादी अडवू शकते. कन्सोल उघडतो पण बटणे करड्या रंगाची दिसतात, तेव्हा विंडोजमध्ये शोधत बसू नये. आतल्या यादीत जावे.

उरलेल्या दोन शक्यता मी थोडक्यात सांगतो. सर्व्हरवर ४६२५ ही लॉगइन फसल्याची नोंद असेल आणि तिच्यात सी००००१५बी हा कोड असेल, तर पासवर्ड बरोबर आहे पण त्या प्रकारे आत येण्याचा हक्क नाही. ‘डिनाय ॲक्सेस टू धिस कॉम्प्युटर फ्रॉम द नेटवर्क’ या यादीत वापरकर्ता किंवा त्याचा एखादा ग्रुप आहे का ते पाहावे. नाकारणारी यादी परवानगीच्या यादीवर नेहमी मात करते. दुसरी शक्यता जुन्या कन्सोलची. मायक्रोसॉफ्टने डीकॉमची (म्हणजे त्याच डिस्ट्रिब्युटेड कॉमची) सुरक्षा टप्प्याटप्प्याने कडक केली. १४ जून २०२२ च्या अपडेटपासून ती मूळ सेटिंगमध्ये चालू झाली आणि १४ मार्च २०२३ पासून ती बंद करण्याची सोय राहिली नाही. जुना कन्सोल पुरेशा पातळीचे प्रमाणीकरण वापरत नसेल तर सर्व्हरच्या सिस्टम लॉगमध्ये १००३६ क्रमांकाची नोंद येते. तेथे ग्रुप कितीही बदलले तरी उपयोग नाही. कन्सोल अद्ययावत करावा लागतो.

बॅकअप ऑपरेटर्स हा साधा ग्रुप नाही

मला सर्वांत काळजी वाटते ती याच गोष्टीची. नावावरून हा ग्रुप निरुपद्रवी वाटतो, ‘बॅकअपच तर घेणार आहे’. प्रत्यक्षात या ग्रुपच्या सदस्याला फाइलवरील परवानग्या डावलून कोणतीही फाइल वाचण्याचा आणि रिस्टोअरच्या नावाखाली कोणतीही फाइल लिहिण्याचा हक्क मिळतो. बॅकअप घेण्यासाठी तो आवश्यकच आहे. साध्या सर्व्हरवर याचा अर्थ पगाराच्या फाइलीपासून पासवर्डच्या हॅशपर्यंत (पासवर्डच्या साठवलेल्या सांकेतिक रूपापर्यंत) सर्व काही उघडे. डोमेन कंट्रोलरवर तर लोकल ग्रुप असे नसतातच. तेथील बॅकअप ऑपरेटर्स डोमेनच्या सर्व कंट्रोलरना लागू होतो आणि त्याचा सदस्य संपूर्ण डोमेनच्या पासवर्डचा साठा असलेली फाइल बॅकअप म्हणून उचलू शकतो. लहान कार्यालयांत खर्च वाचवण्यासाठी बॅकअपचे सॉफ्टवेअर डोमेन कंट्रोलरवरच बसवलेले मी पाहिले आहे. तेथे लेखनिकाला या ग्रुपमध्ये घालणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणे आहे, आणि देणाऱ्याला वाटते की आपण फक्त दाराची दिली.

म्हणून आमच्या प्रकरणात शेवटी मी एक बदल आणखी केला. मॅडमना बॅकअप ऑपरेटर्समधून काढले. जॉब चालतो तो सेवा खात्याच्या (सॉफ्टवेअरसाठीच्या वेगळ्या खात्याच्या) हक्काने. पाहणाऱ्याला तो हक्क लागत नाही, हे मॅन्युअल शांतपणे वाचल्यावर दिसले. त्यांचा डोमेन ग्रुप आता केवळ ‘डिस्ट्रिब्युटेड कॉम युजर्स’मध्ये आहे आणि सॉफ्टवेअरच्या आतल्या यादीत त्यांना जॉब चालवण्याची व फाइल मूळ जागी परत आणण्याची भूमिका आहे. बॅकअप पुसण्याची किंवा साठवणीची मुदत बदलण्याची नाही. “मग मला काही कमी तर नाही पडणार ना, सर?” असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांच्यासमोरच एक चाचणी फाइल पुसली आणि त्यांनी ती स्वतः परत आणली.

सिक्युरिटी लॉगचा आकारही वाढवून ठेवला, आणि त्याची प्रत दर आठवड्याला वेगळ्या यंत्रावर जाते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपणे अपेक्षित आहे. पण निर्देश नसते तरी हे करावे, कारण त्या ४७३३ च्या नोंदी नवीन नोंदींखाली पुसल्या गेल्या असत्या तर सोळा तासांचे अंतर मला कधीच दिसले नसते.

सर्व्हरवर त्यानंतर ४७३३ ची एकच नोंद आली आहे, मी बॅकअप ऑपरेटर्सची यादी बदलल्यानंतरची. गेल्या महिन्यात मॅडम विक्री विभागात गेल्या आणि त्यांच्या जागी नवे सहायक आले; तो बदल डोमेन कंट्रोलरवर ४७२९ आणि ४७२८ (ग्लोबल ग्रुपमधून सदस्य काढल्याची आणि घातल्याची) या दोन नोंदींनी उमटला, दोन्हींच्या ‘सब्जेक्ट’मध्ये माझे खाते आणि सकाळी ११:०५ ची वेळ आहे. नव्या सहायकांना लॉगऑफ करून पुन्हा यायला सांगितले, आणि साडेअकराला त्यांनी रात्रीचा जॉब पाहिला.